सूपभर जवारीचे मोठेबाबा

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याने माप भरताना इकडेतिकडे पाहिलं तरी मला वाटतं, यानं पाणी घातलं. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यात पोलीस ठाणं आहे. असेल. पण कापसाच्या त्या वाईट वर्षांत मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ज्याचा स्वभाव संशयी नव्हता, तो नुसता फसत होता. बियाण्याच्या पाकिटावर एक छापलेलं असायचं आणि शेतात दुसरंच उगवायचं. औषधाच्या बाटलीचं बूच आधीच कोणीतरी फिरवलेलं असायचं. आणि मग जीपा यायच्या. कापूस बसला तशी आमच्या गावाला एकदम किंमत आली होती. कोणी ना कोणी जीपमधून उतरायचं, घरात माणसं किती, कोण गेलं, कशानं गेलं हे विचारायचं, लिहून घ्यायचं आणि पुन्हा कधी तोंड दाखवायचं नाही. शेवटी गावाला अशी सवय लागली की जीपचा आवाज आला की बायका दार लोटून घेत आणि पुरुषांना अचानक शेतातलं काम आठवे.

माझं लग्न होऊन मी उमरखेडला गेले होते. बाबांचं बरं नाही असा निरोप आला म्हणून त्या वर्षी मी बरेच दिवस माहेरी राहिले. पाहिलं तर बाबांचा डावा हात थरथरत होता. मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचे, कापसातली सरकी चाचपल्यासारखे. चालताना तो हात हलतच नव्हता, अंगाला चिकटून राहायचा. चेहरा असा झाला होता की हसले की रागावले ते कळेना. गावाने निकाल देऊन टाकला होता, दारू. माझ्या बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण गावाला तेवढ्यासाठी थांबायला वेळ नसतो.

मला दारूचा नाही, फवाऱ्याचा संशय होता. आमच्याकडे औषध ड्रममध्ये कालवताना काडी सापडली तर काडीने, नाही तर कोपरापर्यंत हात घालून ढवळायची रीत होती. उजव्या हातात डबा असायचा, म्हणून ढवळायला डावा. माझं गणित सरळ होतं. ज्या हाताने विष ढवळलं तो हात गेला. आणखी एक गोष्ट मला खटकत होती. फवारणी करून बाबा घरात आले की आमचं डोकं उठायचं, आई दारं उघडायला धावायची आणि बाबा शांतपणे विचारायचे, "कायचा वास? मले तं काही येऊन नाही राह्यला." आम्हाला वाटायचं, गंमत करतात.

आता मोठेबाबांबद्दल सांगायला हवं. बाबांचे थोरले भाऊ. आम्ही दोघी बहिणी त्यांना मोठेबाबा म्हणायचो. त्यांची बायको फार लवकर वारली होती, लेकरू नव्हतं, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. शेत एक, चूल एक. माझ्या धाकट्या बहिणीला त्यांनीच खांद्यावर वाढवलं. तिला कोणी रागावलं तर ते जेवायचे नाहीत, असले लाड. तर बाबांच्या मागोमाग मोठेबाबांचाही हात थरथरू लागला. त्यांचा उजवा. खरं सांगते, मला आधी वाटलं की म्हातारा भावाची नक्कल करतो आहे, वखरावर जायला नको म्हणून. आईने ऐकलं तर मारलं असतं, म्हणून मनातच ठेवलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी बाबांना पाहिलं, खुर्चीतून उठायला लावलं, चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. बाबांची अक्षरं ओळीच्या शेवटी मुंगीएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, कंपवात. पार्किन्सन. मोठेबाबांनाही तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की काही तास हात ऐकायचा, मग पुन्हा आपलंच खरं करायचा. बरा होणार नाही, सांभाळायचा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, एवढ्यावर हे थांबेल.

तर पुन्हा जीप आली. त्यातून एक डॉक्टरबाई उतरल्या, नागपूरच्या. या आजारासाठी त्या गावोगाव रक्त गोळा करत होत्या आणि यवतमाळच्या डॉक्टरांनीच त्यांना आमचं गाव सांगितलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. सगळं गाव जमलं, कारण सुई दुसऱ्याला टोचणार असली की पाहायला मजा येते. बाई प्रत्येकाला विचारत, वास येतो का, झोपेत ओरडता का, आईवडील कुठले, मामा कुठले, लग्न कोणत्या लोकांत होतात. माझं डोकं फिरलं. मी पुढे जाऊन विचारलं, "आजाराला जात कशाला लागते?"

बाई चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जातीचा दाखला नको मला. कोण पिढ्यान्‌पिढ्या कोणात लग्न करत आलं ते हवं. तसं झालं की रक्तातल्या काही खुणा त्याच लोकांत फिरत राहतात. परदेशात या आजाराची एक खूण सापडली आहे. तिकडच्या काही लोकांत ती बऱ्याच रोग्यांमध्ये दिसते. आपल्याकडे शोधली तर जवळजवळ दिसत नाही. म्हणून काय आपल्याकडे आजार नाही? आहे ना समोर. मग आपल्या खुणा वेगळ्या असतील. किंवा रक्तापेक्षा दुसऱ्याच कशाचा हात मोठा असेल. आपलं रक्त कोणी पाहिलंच नाही, तर दुसऱ्यांच्या रक्तावरून काढलेली औषधंच आपण खात बसणार."

"म्हणजे उद्या औषध विकणारे म्हणायला मोकळे," मी म्हटलं. "फवारा चांगलाच होता, यांचं रक्तच खराब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणतील. म्हणूनच ज्यांनी तेवढाच फवारा मारला आणि ज्यांना काही झालं नाही, त्यांचंही रक्त मी घेते आहे. एकच विष एकाचं शरीर बाहेर फेकतं, दुसऱ्याचं फेकत नाही. तो फरक मला शोधायचा आहे." उत्तर बरं होतं. मी विश्वास ठेवला नाही, पण उत्तर बरं होतं. वास जाणं ही या आजाराची पहिली खूण असते, हे मात्र त्यांच्याकडूनच कळलं. बाबा आणि मोठेबाबा, दोघांनी मान हलवून सांगितलं होतं की वास येत नाही, केव्हापासून ते आठवतही नाही. ती गंमत नव्हती तर.

बाईंच्या सोबत एक चष्मेवाले गृहस्थ होते. ते प्रत्येकाच्या घराण्याचं झाड काढायचे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला आजार त्याचा चौकोन काळा. आमच्या झाडात शेजारी शेजारी दोन काळे चौकोन आले आणि खाली आम्हा बहिणींचे दोन रिकामे गोल. ते पाहून मला कसंसंच झालं. चष्मेवाले म्हणाले, "दोघे सख्खे भाऊ ना?" तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा हसत ओरडला, "कायचा सख्खा! त्याले तं सूपभर जवारीत इकत घेतलं, कोलामाच्या बाईजवळून!" सगळी म्हातारी मंडळी हसली. मोठेबाबाही हसले. ही गावातली जुनी थट्टा होती.

थट्टा काय ती सांगते. माझ्या आजीची आधीची लेकरं जगली नव्हती. आमच्याकडे अशा बाईचं पुढचं लेकरू जन्मलं की ते आपलं म्हणायचंच नाही. सुईणीला देऊन टाकायचं आणि सूपभर धान्य मोजून तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे सटवाईला वाटावं, हे या घरचं नाहीच, विकतचं आहे, आणि तिने दुसरीकडे जावं. मोठेबाबांच्या वेळी सुईण पोडावरची, म्हणजे रानाकडच्या आदिवासी वस्तीतली, कोलाम बाई होती. तिच्या सुपातून आजीने आपलंच लेकरू जवारी देऊन परत घेतलं. ते जगलं, म्हणून मागून झालेल्या बाबांना सुपात घालायची गरज पडली नाही.

हे आम्हाला ठाऊक. चष्मेवाल्यांना कसं ठाऊक असणार? ते शहरातले. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे जन्मदाती आई कोलाम समाजाची?" म्हातारा आणखी चेकाळून म्हणाला, "होय तं!" चष्मेवाल्यांनी मोठेबाबांच्या चौकोनापाशी आलेली रेघ खोडली आणि तिथे तुटक रेघ काढली. मी सांगायला तोंड उघडलं तर आईने मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. ती हळूच म्हणाली, "राहू दे. लिहू दे त्याले."

कारण माझ्या बहिणीची सोयरीक जमत आली होती. केळापूरकडचं घर, मुलगा पांढरकवड्याला जिनिंगमध्ये कामाला, स्वभावाने गरीब, आणि मुख्य म्हणजे तिला आवडलेला. आमच्याकडे लग्न जमवताना घर, विहीर, शेत पाहतात, आणि घराण्यात कोणाला कोड, कोणाला फेफरं, हे मध्यस्थाकडून काढून घेतात. शाळेच्या व्हरांड्यातलं बोलणं पांढरकवड्याला पोचायला किती वेळ लागतो? पुढच्या बाजाराच्या दिवशीच मध्यस्थ येऊन ओट्यावर बसला. पाणी प्यायल्यावर म्हणाला, "तिकडं आवई उठली, का दोघं भाऊ थरथरतेत. रक्तातच हाय म्हणतेत. सोयरे इचारून राह्यले, खरं काय?"

आई आतून म्हणाली, "ते सख्खे नाहीत म्हणा. डॉक्टरीणबाईनं तसं लिहून नेलं." मला आईची शरम वाटली. मी आत जाऊन तिच्यावर तोंड टाकलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुयं लग्न झालं. तुले काय जाते बोलाले?" बहीण चुलीपाशी बसून आमच्या दोघींकडे पाहत होती. तिची रिकामी गोल खूण कोणीतरी काळी करायला निघालं आहे असा तिचा चेहरा झाला होता. डॉक्टरबाईंनी जाताना मला सांगितलं होतं की दोघा भावांना झालं म्हणून लेकींना होईलच असं मुळीच नाही, दोघांचं शेत एक, विहीर एक, फवाराही एकच. पण "होईलच असं नाही" या वाक्यावर कोण मुलगी करून नेतं?

सोयरे आले. मुलाचे वडील उंच, अंगाने वाळलेले आणि माझ्याइतकेच संशयी. चहा हातात घेतला पण आधी आमच्या सगळ्यांचे हात पाहिले. आईचे, माझे, बहिणीचे. मी मुद्दाम बशीत चहा ओतून पूर्ण भरलेली बशी त्यांच्यासमोर धरली आणि एक थेंब सांडू दिला नाही. विहीर पाहून झाली, तुरी पाहून झाल्या. मग ते बाबांसमोर बसले आणि म्हणाले, "जी, एक इचारतो, राग मानू नका. हे तुमचे मोठे बंधू, तुमच्या मायच्या पोटचेच काय?"

बाबांचं बोलणं तेव्हा फार हळू झालं होतं. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागायचा. ओठ हलले. मला वाटलं, आता ते "होय" म्हणतील, कारण बाबांना खोटं जमायचंच नाही. लाजेची गोष्ट आहे, पण त्यांच्या जिभेला थोडा आणखी वेळ लागावा असं मला वाटलं.

तेवढ्यात मोठेबाबा बोलले. "नाही जी. मी या घरचा नोहो. मले सूपभर जवारीत घेतलं. मायी माय कोलामीन होती. यायनं मले पोसलं, बस." आवाज अगदी साधा, बैलाचं वय सांगावं तसा. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताने गुडघ्यावर दाबून धरला होता. बाबांच्या त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. सोयरे मोठेबाबांकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक हाय. गूळ आणा." सोयरीक पक्की झाली.

आणि आता माझा स्वभाव पाहा. त्या क्षणी मला मोठेबाबांच्या पाया पडायला हवं होतं. मी काय केलं, तर संशय घेतला. इतकं सहज कसं बोलले? खरंच तर नसेल? पुढचे कितीतरी दिवस मी दोघा भावांचे कान, पायाची बोटं, टाळूवरचा भोवरा चोरून पाहत होते. एकाचा डावा हात, दुसऱ्याचा उजवा. एक गोरा, एक काळा. आजी तर केव्हाच गेली, सुईणही गेली. थट्टा थट्टा म्हणत गावाने खरी गोष्टच झाकली नसेल कशावरून? शिवाय मोठेबाबा पाळलेलेच असतील तर आमचं रक्त स्वच्छ, माझंही. तेव्हापासून मी सकाळी चहाचा कप धरला की हाताकडे पाहायचे आणि भाजीत घालण्याआधी कोथिंबीर नाकाशी न्यायचे. आजही नेते.

मोठेबाबांनीच तो संशय मोडला. यवतमाळला औषधासाठी मी त्यांना घेऊन गेले होते. त्या दिवशी नागपूरच्या बाई तिथे रोगी तपासत होत्या. मोठेबाबा सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले. "मॅडम, तुमच्या कागदावर मायी रेघ तुटली हाय. ते सुधरवा. आमी सख्खे. एका मायचे." आणि त्यांनी सुपाची सगळी रीत सांगितली. बाई आधी चकित झाल्या, मग त्यांनी चष्मेवाल्या गृहस्थांचं नाव मनात घेतलं असावं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. तुम्हाला कोलाम धरून बसलो असतो तर दोन्हीकडचा हिशेब चुकला असता. पण तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

मोठेबाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "घरी पोरगी हाय लग्नाची. सोयऱ्याले जे सांगतलं ते पोरीसाठी. पन तुमी जे करून राह्यले ते उद्याच्या लेकराईसाठी हाय. यात लबाडी घातली तं औषधच चुकीचं निघन." बाईंनी सांगितलं की हे कुठेही बाहेर जाणार नाही. या वेळी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. बसमध्ये मी मोठेबाबांजवळ बसले आणि मारेगाव येईपर्यंत त्यांचा तो हात माझ्या हातात धरून ठेवला. ते म्हणाले, "काहून व? लहान हायेस काय?" मी तो आणखी घट्ट धरला.

लग्न झालं. मोठेबाबा मांडवात आलेच नाहीत. स्वयंपाकाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी बसून राहिले. कोणी विचारलं तर म्हणायचे, आचाऱ्यावर लक्ष ठेवतो. नवरीला आशीर्वाद द्यायला घरची वडीलधारी बोलावली तेव्हा आई मुद्दाम दुसरीकडे पाहत होती. बहिणीने मात्र निघताना टाकीपाशी जाऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि ते तिला दूर करत म्हणत होते, "जाय, जाय, पाहून राह्यले लोकं."

त्यानंतर ते तिच्या घरी कधी गेले नाहीत. तिला मुलगा झाला, बारसं झालं, बाबांना गाडी करून नेलं. मोठेबाबा म्हणाले, मी कोण लागतो त्यायचा? पोरगी म्हणून जीव लावला, तेवढं बस. लेकराचा फोटो मात्र त्यांनी मागून घेतला. ती माहेरी यायची तेव्हा सोबत सासरचं कोणी ना कोणी असायचं आणि मोठेबाबा तेवढ्यापुरते शेतावर राहायला जायचे. मला राग यायचा. कुणावर काढावा ते कळत नसे, म्हणून आईवर निघायचा.

आणि एका पावसाळ्यात ते बांधावर पडले. उठवून आणलं ते खाटेवरच राहिले. गिळताना ठसका लागू लागला, छाती कफाने भरली आणि ते गेले. लेकरू नव्हतं, त्यामुळे अग्नी द्यायला बाबाच. बाबांच्या हातात पेटता टेंभा दिला तर ठिणग्या उडू लागल्या. चौघांनी मिळून तो हात धरला. दहाव्याला नाल्यावर बाबा न्हाव्यासमोर जाऊन बसले. कोणीतरी कानाशी लागलं, "मुंडन नाही केलं तरी चालते, सोयरे येतीन तेरवीले, डोकं पाहून समजन त्यायले." बाबांनी ऐकलंच नाही. मान थरथरत होती, न्हावी वस्तरा घेऊन खोळंबला होता. शेवटी मी दोन्ही हातांनी बाबांचं डोकं घट्ट धरलं, तेव्हा मुंडन झालं.

तेरवीला बहीण आली, तिच्यासोबत तिचे सासरे, तिची लहान नणंद, त्यांच्या गावातली चार माणसं. सासरे ओट्यावर बाबांशेजारी बसले आणि त्या चकचकीत डोक्याकडे पाहत राहिले. मी पाणी घेऊन गेले होते. मला वाटलं, झालं, आता हा माणूस विचारणार. विचारायच्या आत बाबाच बोलले. एकेक शब्द ओढून काढत, "सख्खा... होता... माया भाऊ."

"मले मालूम हाय," सासरे म्हणाले. "त्याच दिवशी समजलं होतं. मायनं मलेही असंच सुपात घातलं होतं, गोवारनीच्या. आपल्याकडं कोनाले माहीत नाही हे? मनात म्हटलं, जो मानूस पुतनीसाठी आपली माय नाकारते, त्या घरची पोरगी आपन नेली पायजे. म्हनून गूळ मांगतला."

माझ्या हातातला लोटा मी खाली आपटला. "मंग इतके साल काहून नाही बोलले? तो मानूस तुमच्यापायी चोरावानी जगला! लग्नात टाकीजवळ बसला! एकदा बोलवाचं तं होतं!" मी व्याह्यांशी बोलते आहे हे मला भान नव्हतं. ते खाली पाहत म्हणाले, "बोलवलं असतं तं त्याले समजलं असतं, का मले समजलं. त्याची मान खाली गेली असती." मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. त्यांना बरं पडत होतं, एवढंच मला दिसलं.

बाबांनी व्याह्यांच्या धोतराचा काठ पकडला. "मंग आता... पंगतीत... सांगा."

आत पाटांवर माणसं बसली होती, आमच्या गावची आणि केळापूरकडची. व्याही उठले, दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी आत पाहिलं. त्यांची लहान मुलगी, बहिणीची नणंद, पंगतीत मीठ वाढत होती. तिचं लग्न व्हायचं होतं. तिच्या भाच्याचं, म्हणजे आपल्या नातवाचं रक्त ते कुठल्या तोंडाने चारचौघात उघडं करणार होते? ते तसेच वळले आणि पुन्हा बाबांशेजारी येऊन बसले. म्हणाले, "सांगीन. पोरीचं होऊ द्या."

पण बहिणीने दारातून सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात वरणाची बादली होती, मागे तिचा मुलगा पदर धरून उभा होता. ती पंगतीच्या मधोमध गेली. आवाज तिने मुद्दाम मोठा केला.

"सगळे ऐका. माये मोठेबाबा माया बाबाचे सख्खे भाऊ होते. एका मायचे. दोघाइले एकच बिमारी होती. मी त्याच घरची हावो, अन् हा माया पोरगाही त्याच घरचा हाय."

नणंदेच्या हातातली मिठाची वाटी तशीच राहिली. ओट्यावर व्याह्यांनी डोळे मिटून घेतले. मला रडू फुटलं आणि मी ते पदराने दाबलंही नाही. केळापूरकडच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने ताट पुढे सरकवलं आणि वरण मागितलं, आणि तिने वाकून त्याला वाढलं.